पावती

माणसाला वेड लागलं की त्याला कुठं पाठवायचं, हे आपल्या महाराष्ट्रात ज्याच्या त्याच्या गावावर अवलंबून असतं. मुंबईकर म्हणतो, "ह्याला ठाण्याला पाठवा." पुणेकर म्हणतो, "येरवड्याला न्या." येरवड्याला तुरुंगही असल्यामुळे समोरच्यानं आपल्याला वेडा म्हटलं की चोर, असा संशय मागे राहतो, आणि तो राहावा अशीच पुणेकराची इच्छा असते. कोकणातला माणूस रत्नागिरीचं नाव काढतो, वऱ्हाडातला नागपूरचं. आम्हा परभणीकरांच्या नशिबी जालना होतं. निजामाच्या राज्यातलं वेड्यांचं इस्पितळ त्या काळी जालन्याला होतं, आणि परभणीहून छोट्या गाडीत बसलं की मानवत रोड, सेलू, परतूर करत गाडी थेट जालन्याला नेऊन सोडायची. वेड लागलेल्यानं मध्ये गाडी बदलायची भानगड नको, एवढी काळजी निजामाच्या रेल्वेनं घेतलेली होती.

पुढे पन्नासच्या दशकात ते इस्पितळ जालन्याहून हैदराबादला, एर्रागड्ड्याला गेलं. आमच्या आजीपर्यंत ही बातमी पोचली नाही, किंवा पोचूनही तिनं ती मनावर घेतली नाही. मी झाडावर चढलो, विहिरीत डोकावलो, गणितात नापास झालो, की ती म्हणायची, "असंच करू लाग, जालन्याला धाडते बघ तुला!" मात्र हे वाक्य ती फक्त माझ्या बाबतीत उच्चारायची. ज्याच्या बाबतीत ते खरोखर उच्चारायची वेळ आली होती, त्याच्यासमोर तिनं जालन्याचं नाव कधी काढलं नाही.

तो म्हणजे माझा आप्पाकाका.

आता आप्पाकाकाची गोष्ट सांगायची तर मला जर्मनी, स्वित्झर्लंड, अहमदाबाद, न्यूयॉर्क आणि स्वीडनमधले पाच-सहा ससे एवढ्यांना घेऊन यावं लागेल. वाचकांनी घाबरू नये. "जगात जर्मनी, भारतात परभणी" ही म्हण आमच्याकडे पोरासोरांच्या तोंडी असते. ती कोणी, कधी आणि कशाच्या नशेत काढली हे कोणाला सांगता येत नाही. पण निदान वेडाच्या बाबतीत ती अगदीच निराधार नाही, असं माझं वयाच्या ऐंशीत आलेलं मत आहे.

आप्पाकाका निजामाच्या अमदानीत तहसील कचेरीत अहलकार होता. अहलकार म्हणजे कारकून. पण उर्दूत म्हटलं की पगार तोच राहूनही रुबाब वाढतो. त्याचं उर्दू अक्षर इतकं देखणं होतं म्हणे, की वसुलीची नोटीस हाती पडलेला शेतकरीसुद्धा ती फाडायला धजावत नसे. १९४८ च्या सप्टेंबरात पोलीस अ‍ॅक्शन झाली. १३ तारखेला फौजा हद्दीत शिरल्या, १७ ला निजामानं शरणागती पत्करली, आणि पाच दिवसांत राज्य बदललं. गावात तिरंगा लागला, पेढे वाटले गेले. आप्पाकाकानंही पेढा खाल्ला. मग तोंड पुसून त्यानं आजोबांना विचारलं, "पण चार्ज कोणी दिला? कोणी घेतला? पावती कुठंय?"

आजोबा मुनसफ कोर्टात वकिली करायचे. त्यांना हा विनोद फार आवडला. चार लोकांना त्यांनी तो सांगितला. पंधरा दिवसांनी आप्पाकाका रात्री दोन वाजता कंदील घेऊन शेजाऱ्यांची दारं ठोठावू लागला, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की हा विनोद नव्हता.

एवढं मोठं राज्य, एवढ्या जमिनी, दस्तरं, खजिने या हातातून त्या हातात गेले आणि त्याची रीतसर पावती झाली नाही, हे आप्पाकाकाच्या डोक्यात पक्कं बसलं. उद्या तपासणी आली की जबाबदारी आपल्यावर येणार! म्हणून तो दिवसा अर्ज लिहायचा, रात्री पावती शोधायचा. निजाम आता राजप्रमुख झाले होते, तर एक अर्ज त्यांना; एक कलेक्टरांना; आणि दोघांनी दाद दिली नाही तर असावा म्हणून एक पोखर्णीच्या नृसिंहाला. तिन्ही अर्ज सारख्याच मायन्याचे. देवालाही "मेहेरबान" म्हणणारा भक्त नृसिंहानं दुसरा पाहिला नसेल.

एकदा तर त्यानं कमालच केली. स्वातंत्र्यदिनाच्या झेंडावंदनाला साहेबांचं भाषण संपताच हा पुढे झाला आणि अदबीनं म्हणाला, "हुजूर, पावती." साहेब नवीन होते. स्वच्छ कपडे, झुकलेली मान आणि असला प्रश्न म्हणजे हा हिशेब तपासनीसच असणार, असं समजून ते चपापले आणि म्हणाले, "उद्या कचेरीत या." आप्पाकाका दुसऱ्या दिवशी कचेरीत गेला. आणि सांगायची गोष्ट अशी, की तिथले दोन कारकून दुपारपर्यंत कपाटं उपसत ती पावती खरोखर शोधत होते.

गाव हसलं. मीही हसायचो, सात-आठ वर्षांचं पोर हसणार नाही तर काय करील? रझाकारांच्या काळात आणि राज्य बदललं त्या दिवसांत आप्पाकाका तालुक्याच्या गावोगाव फिरत होता. तिथं त्यानं काय पाहिलं, हे त्याला आमच्या घरात कोणी विचारलं नाही. तो पावती मागत होता, आणि आम्ही त्याला समजावत होतो की पावती नसते.

मग इलाज सुरू झाले. नृसिंहाला नवस झाला. तुराबुल हकच्या उरुसात दर्ग्याला नेऊन आणलं. आमच्या घरात सोवळं-ओवळं कडक होतं, पण दर्ग्याला जाताना ते कोणाला आठवलं नाही. संकटात माणूस सर्वधर्मसमभावी होतो. एका गुणी माणसानं सांगितलं म्हणून मिरच्यांची धुरी दिली. तिचा परिणाम असा झाला, की घरातले सगळे रडत-खोकत अंगणात पळाले आणि आप्पाकाका एकटा आत बसून राहिला. मधूनमधून आमचीच विचारपूस करत होता. शेवटी तो रात्रीचा रेल्वेच्या रुळावर सापडला. तेव्हा माझ्या वडिलांनी, अण्णांनी, त्याला मागच्या खोलीत अकरा दिवस बांधून ठेवलं. गाईच्या दाव्यानं. अण्णा ऐंशी वर्षं जगले. आयुष्यातल्या सगळ्या गोष्टी त्यांनी आम्हाला दहा-दहा वेळा सांगितल्या. हे अकरा दिवस त्यांनी कधीच सांगितले नाहीत.

आम्हाला अडाणी म्हणण्याआधी वाचकांनी जरा पृथ्वीच्या त्या अंगाला नजर टाकावी. त्याच काळात शहाण्यासुरत्या युरोपात वेड्या माणसाला इन्शुलिन टोचून बेशुद्धीत ढकलत, आणि मग साखर देऊन परत ओढून काढत. रोममध्ये चेर्लेत्ती आणि बिनी या दोघांनी १९३८ मध्ये डोक्याला विजेचा झटका देण्याची रीत काढली. तिचा सुधारलेला, भूल देऊन करायचा प्रकार आजही काही आजारांत खरोखर उपयोगी पडतो. पण तेव्हा भूल-बिल नव्हती. पोर्तुगालच्या मोनिझसाहेबांनी तर १९३५ मध्ये कवटीला भोकं पाडून मेंदूच्या पुढच्या भागातले धागेच तोडायला सुरुवात केली आणि १९४९ मध्ये त्यांना त्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळालं. आमची मिरचीची धुरी आणि त्यांची शस्त्रक्रिया यांत मला एवढाच फरक दिसतो की धुरी ओसरल्यावर माणूस जसाच्या तसा शिल्लक राहायचा.

आणि इस्पितळात पाठवायचं म्हटलं, तरी जागा कुठं होती? १९४६ च्या भोर समितीच्या वेळी जी पाहणी झाली, तिच्यात साऱ्या हिंदुस्थानात मिळून मनोरुग्णांसाठी दहा हजारांच्या आसपास खाटा निघाल्या. म्हणजे चाळीस हजार माणसांमागे एक खाट. चाळीस हजारांत एकच जण वेडा असतो असं सरकारला वाटत असेल, तर सरकार परभणीला कधी आलं नव्हतं.

१९५६ साली गावातल्या एका डॉक्टरांनी आजोबांना सांगितलं, "वकीलसाहेब, एक नवीन गोळी आलीय. देऊन पाहू." पांढरी, इवलीशी गोळी. नाव सर्पासिल. आजीनं नाव ऐकलं आणि विचारलं, "सापाची आहे का काय माय?" डॉक्टर म्हणाले, "सापाची नाही आजी, मुळीची आहे. सर्पगंधा. आपल्याच देशातली."

"मग इतके दिवस कुठं होती?" आजीनं विचारलं.

हा प्रश्न मला त्यानंतर तीस-चाळीस वर्षांनी पुस्तकं चाळताना परत भेटला, आणि त्याचं उत्तर सापडलं तेव्हा आजी ते ऐकायला नव्हती. म्हणून तुम्हाला सांगतो.

ती मुळी इथंच होती. मराठीत तिला अडकई, हरकी अशीही नावं आहेत. बिहारकडे तर ती "पागल की दवा" म्हणून बाजारात सरळ विकत मिळायची; आया रडक्या पोरांना झोपवायलाही ती देत. फक्त ती शास्त्राला ठाऊक नव्हती. शास्त्राला ठाऊक होण्यासाठी आधी लॅटिन नाव लागतं. ते असं मिळालं: जर्मनीत आउग्सबुर्ग नावाच्या गावी राउवोल्फ म्हणून एक वैद्य होता. सोळाव्या शतकात तो औषधी वनस्पती हुडकत हलबपासून बगदादपर्यंत भटकून आला. हिंदुस्थानपर्यंत काही पोचला नाही. तो मेल्यावर शंभरएक वर्षांनी, १७०३ मध्ये, प्लुमिए नावाच्या फ्रेंच पाद्र्यानं झाडांच्या एका कुळाला त्याचं नाव दिलं. आणि पुढे आमच्या बिचाऱ्या सर्पगंधेची त्या कुळात भरती होऊन ती राउवोल्फिया सर्पेंटिना झाली! ज्यानं तिला जन्मात पाहिलं नाही त्याचं नाव तिला मिळालं. यात परभणीकराला नवल वाटत नाही. आमच्या गावातल्या अनेक चौकांना ज्यांची नावं आहेत, ते या गावात कधी आले नव्हते.

या राउवोल्फची आणखी एक मौज आहे. हलबच्या लोकांना त्यानं एक काळं कढत पेय पिताना पाहिलं आणि १५८२ च्या आपल्या पुस्तकात त्याचं वर्णन लिहिलं. ते पेय म्हणजे कॉफी; तिच्याविषयी युरोपात पहिल्यांदा लिहिणाऱ्यांत हा गृहस्थ आहे. म्हणजे झोप घालवणारी वस्तू यानं पाहिली आणि झोप आणणाऱ्या वस्तूला याचं नाव लागलं. जगात जर्मनी म्हणतात ते यालाच!

नाव मिळालं, पण मुळीतलं नेमकं काय माणसाला शांत करतं ते कळेना. १९३१ मध्ये कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी लिहून ठेवलं की ही मुळी वेडावर आणि वाढलेल्या रक्तदाबावर गुणकारी आहे. सेन हे कविराज घराण्यातले आणि डॉक्टरीही शिकलेले. त्यामुळे वैद्य आणि डॉक्टर यांचं भांडण त्यांच्या एकट्याच्या पोटातच मिटलेलं असावं. त्याच साली दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुझ्झमान सिद्दिकी हे रसायनशास्त्रज्ञ या मुळीतून एकेक क्षार वेगळा काढत होते. एकाला त्यांनी हकीम अजमल खानांचं नाव दिलं: अजमलीन. (सिद्दिकींची डॉक्टरेट फ्रँकफुर्टची. पुन्हा जर्मनी!) पण त्यांनी इतके सुंदर स्फटिक काढले तरी माणसाला शांत करणारा ऐवज त्यांत नव्हता. तो मागे उरलेल्या चिकट राळेत दडून बसला होता. आमची आजी तूप कढवल्यावर बेरी कधी टाकत नसे, पोरांना वाटायची. तिला विचारलं असतं तर रसायनशास्त्राची वीस वर्षं वाचली असती.

मग मुंबईत डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या ५० रोग्यांवर ही मुळी वापरून त्याचा लेख १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापला आणि साऱ्या जगाचे कान टवकारले. त्यांची हकीकत आमच्या डॉक्टरांनी आजोबांना मोठ्या अभिमानानं सांगितली. आजोबांनी चष्मा काढून विचारलं, "वकील असून पुरावा दिला?"

१९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतल्या म्युलर, श्लिटलर आणि बाइन या तिघांनी अखेर ती राळ धुंडाळली आणि तिच्यातून रेसर्पिन काढलं. तेच आमचं सर्पासिल. १९५३ मध्ये अहमदाबादच्या डॉ. हकीम यांनी मनोरुग्णांवर सर्पगंधा वापरल्याचा निबंध एका वैद्यकीय परिषदेत वाचला आणि त्यांना सुवर्णपदक मिळालं. (वकील आणि हकीम! आमच्या मुनसफ कोर्टात असते तर आपापसांत फी वाटून घेतली असती.) ती बातमी न्यूयॉर्क टाइम्समध्ये आली. ती वाचली न्यूयॉर्कजवळच्या रॉकलँड राज्य इस्पितळातल्या नेथन क्लाइन या डॉक्टरानं. मग त्यानं शेकडो रोग्यांना हे औषध देऊन १९५४ मध्ये निष्कर्ष छापले. बिहारच्या बाजारातली पागल की दवा अमेरिकेच्या पागलांपर्यंत पोचली ती अशी, अहमदाबादहून, वर्तमानपत्रातून.

त्या इस्पितळात औषधाचा गुण सर्वांत आधी कोणाच्या ध्यानात आला असेल? डॉक्टरांच्या नाही, नर्सांच्याही नाही. क्लाइन सांगायचा की तो आला खिडक्यांच्या काचा बसवणाऱ्या माणसाच्या ध्यानात. रोगी रोज काचा फोडायचे, हा रोज नव्या बसवायचा. औषध सुरू झाल्यावर त्याच्याकडे काचा शिल्लक राहायला लागल्या!

मला ही गोष्ट फार आवडली. पहिल्या वाचनात मी मोठ्यानं हसलो. दुसऱ्यांदा वाचताना मात्र मागच्या खोलीतला आप्पाकाका आठवला.

कारण आमच्या घरीही तसंच झालं. गोळ्या सुरू झाल्यावर पंधरा-वीस दिवसांत कंदील खुंटीवर गेला. दारं ठोठावणं थांबलं. अर्ज थांबले. त्याचं नाक मात्र कायम चोंदलेलं असायचं. या औषधाचा तो हमखास गुण आहे. त्यामुळे तो "पावती" म्हणालाच असता तर ते "बावती" ऐकू आलं असतं. पण तो म्हणालाच नाही. भूक वाढली. अर्धी भाकरी चिवडणारा माणूस चार भाकऱ्या खाऊ लागला. आजी त्या मोजायची आणि देवाला सांगायची. शेजारी म्हणाले, "वा! माणसात आला." आजोबांनी डॉक्टरांना धोतरजोडी दिली. आमच्या काचा फुटायच्या थांबल्या होत्या.

आप्पाकाका ओट्यावर बसून असायचा. समोरून बैलगाडी जावो, लग्नाची वरात जावो, की कुत्र्यांचं भांडण जावो, नजर तीच. पूर्वी तो माझ्या पाटीवर उर्दू अक्षरं काढून द्यायचा. "अलिफ म्हणजे ताठ उभा शिपाई" म्हणायचा. एकदा मी पाटी पुढं केली. त्यानं ती घेतली, मांडीवर ठेवली, आणि संध्याकाळपर्यंत तशीच ठेवली. शिपाई काही उभा राहिला नाही.

चार-पाच महिन्यांनी डॉक्टर घरी आले. मी दारामागे होतो. त्यांनी विचारलं, "काय आप्पासाहेब, कसं वाटतं?"

आप्पाकाका बराच वेळ बोलला नाही. मग चोंदलेल्या नाकानं, एकेक शब्द उचलून ठेवावा तसा, म्हणाला, "डॉक्टरसाब, भीती घेऊन गेलात. उपकार झाले. पण तिच्यासंगं आणखी काही सामान गेलंय. त्याची पावती नाही दिली तुम्ही."

घरातले चपापले. आजीनं पदर तोंडाला लावला. तिला वाटलं, परत सुरू झालं! अण्णांची नजर मागच्या खोलीकडे गेली. पण आमचे डॉक्टर विचित्र माणूस. ते हसले नाहीत, रागावले नाहीत. खाटेवर बसले आणि म्हणाले, "काय काय गेलंय, सांगा. लिहून घेतो." आणि त्यांनी खरोखरच खिशातून कागद काढला. आप्पाकाकानं सांगितलं: गाणं ऐकू येतं, पण गोड लागत नाही. झोप येते, पण विश्रांती नाही. सकाळी उठावं असं वाटत नाही. पोर पाटी घेऊन येतं, पण हात चालत नाही. रुळावर जाऊन बसावं असं पुन्हा वाटायला लागलंय. पण आता शोधायला नाही, नुसतंच.

त्याला हे कोणीतरी विचारायला आठ वर्षं लागली होती.

आता मौज पाहा. आप्पाकाका परभणीत हे सांगत होता, त्याच्या थोडंच आधी, १९५५ मध्ये, अमेरिकेत ब्रोडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधून काढलं होतं की रेसर्पिन मेंदूतला सेरोटोनिन नावाच्या द्रव्याचा साठा रिता करतं. मज्जातंतूंच्या टोकांना या द्रव्यांची चिमुकली गोदामं असतात. हे औषध त्या गोदामांची दारं निकामी करतं, माल आत राहत नाही आणि वाया जातो. १९५७ मध्ये स्वीडनमध्ये अर्विद कार्लसननं सशांना रेसर्पिन दिलं. ससे कान पाडून, डोळे मिटून, अगदी आमच्या ओट्यावर बसल्यासारखे बसले. मग त्यानं त्यांना एल-डोपा टोचलं, आणि थोड्याच वेळात ससे कान उभारून टकामका पाहू लागले! डोपामिन म्हणून आणखी एक माल गोदामातून गेला होता तो असा सापडला. त्यातूनच कंपवातावरचं औषध निघालं आणि कार्लसनला २००० साली नोबेल मिळालं.

म्हणजे आप्पाकाकाचं म्हणणं शब्दशः खरं होतं. सामान गेलं होतं. पावतीशिवाय गेलं होतं. उदासी हा या औषधाचा धोका आहे, हे डॉक्टर मंडळींना रोग्यांकडूनच कळलं. आणि उदासी म्हणजे काय याचा रासायनिक शोध पुढे सुरू झाला त्यात या तक्रारींचा मोठा वाटा आहे. हा विषय अजून संपलेला नाही. रेसर्पिन खरंच उदास करतं की तसं म्हणायची रूढी पडली, यावर विद्वान आजही वाद घालतात. त्यांनी खुशाल घालावा. मी पाटी पाहिली आहे.

डॉक्टरांनी गोळी कमी करत करत बंद केली आणि दुसरी सुरू केली: लार्गॅक्टिल. ती पॅरिसची. १९५० मध्ये ती तयार झाली, लाबोरी नावाच्या नौदलातल्या सर्जननं ती शस्त्रक्रियेच्या वेळी वापरली, आणि १९५२ मध्ये डिले आणि डेनिकर यांनी ती मनोरुग्णांना दिली. ही काही अमृत नव्हती. हात थरथरायचे, उन्हात अंग भाजल्यासारखं व्हायचं. पण डॉक्टर दर पंधरा दिवसांनी येऊन खाटेवर बसायचे, कागद काढायचे आणि विचारायचे, "काय आलं, काय गेलं?" कमी-जास्त करत एक मात्रा बसली. आणि एके दिवशी माझ्या पाटीवर एक अलिफ उभा राहिला. जरा थरथरत होता, पण शिपाईच होता.

१९५७ मध्ये अमेरिकेतला मानाचा लास्कर पुरस्कार या औषधांसाठी जाहीर झाला. त्यात क्लाइन होता, लाबोरी आणि डेनिकर होते, आणि आमच्या मुंबईचे डॉ. वकीलही होते. पुढच्या वर्षी त्यांना पद्मभूषण मिळालं. अमेरिकेतल्या सरकारी मनोरुग्णालयांत १९५५ मध्ये साडेपाच लाखांहून जास्त माणसं होती. तिथून तो आकडा उतरत गेला. रेसर्पिन मात्र वेडाच्या इलाजातून लवकरच मागे पडलं. सर्पगंधाही जंगलातून इतकी उपटली गेली की तिच्या परदेशी व्यापारावर आज आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत.

आप्पाकाका पुढे एका जिनिंगच्या कारखान्यात हिशेब लिहायला लागला आणि तीस वर्षं तिथं टिकला. त्याच्या हिशेबात दमडीची चूक निघाली नाही, आणि पावतीशिवाय त्यानं कोणाला कापसाचं बोंडसुद्धा उचलू दिलं नाही. मालक म्हणायचा, "असा माणूस मिळणार नाही." अर्थात मिळणार नाहीच. त्यासाठी एक राज्य जावं लागतं.

मी २००३ मध्ये शाळेतून निवृत्त झालो. प्रयोगशाळेचा चार्ज दिला: परीक्षानळ्या अमुक, मानवी सांगाडा एक (दोन फासळ्या कमी), चंबू फुटका एक. नव्या मास्तरनं सही केली आणि निघाला. मी म्हटलं, "पावती?" तो हसला. मीही हसलो, पण पावती घेतल्याशिवाय त्याला सोडलं नाही.

हल्ली मला रक्तदाबाची गोळी चालू आहे. परवा आमच्या तरुण डॉक्टरनं ती बदलून नवी दिली आणि म्हणाला, "आजोबा, ही एकदम भारी आहे."

मी विचारलं, "ठीक आहे. पण ही काय काय घेऊन जाते?"

"म्हणजे?"

"म्हणजे, पावती देणार का?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मुलाकडे पाहिलं, आणि गप्प बसला. मनात त्याच्या कुठल्या तरी गावाचं नाव नक्की येऊन गेलं. पोरगा आजकालचा आहे. जालना त्याला ठाऊक नसणार.